धैवत-निषादाचा धनी

मुलाचे नाव ठेवायचे झाले की आपल्याकडे पंचांग निघते, राशीचे अक्षर पाहिले जाते आणि आजोबा-पणजोबांच्या नावांची उजळणी होते. १ ऑगस्ट १९७८ रोजी इंग्लंडातील विंडसर येथे जन्मलेल्या एका मुलाचे नाव मात्र आपल्या सप्तकावरून ठेवले गेले. सहावा स्वर धैवत, सातवा निषाद. या दोहोंची आद्याक्षरे जोडून आई-वडिलांनी मुलाला 'धनी' म्हटले. वडील जॉर्ज हॅरिसन, म्हणजे 'बीटल्स' या चौघांच्या जगप्रसिद्ध वाद्यवृंदातील गिटारवादक. आई ऑलिव्हिया अरियास, मेक्सिकन वंशाची अमेरिकन. तिकडे या नावाचा उच्चार 'डॅनी'च्या जवळचा होतो, त्यामुळे परक्याला त्यात काही निराळे आहे असे वाटतही नाही.

मराठी कानाला मात्र ते नाव ऐकताच थबकावे लागते. घरधनी, शेताचा धनी, गडीमाणसांनी मालकाला घातलेली 'धनी' अशी हाक, हे सारे त्या दोन अक्षरांत आपोआप जागे होते. संगीताचे जाणकार आणखी एका गोष्टीची आठवण काढतील, ती काफी थाटातील धानी रागाची. पण त्या रागात धैवत वर्ज्य आहे, तेव्हा मुलाचे अर्धे नाव तेथेच गळून पडले असते. जॉर्जला तो राग अभिप्रेत नव्हता आणि मराठी अर्थही ठाऊक असण्याचे कारण नाही. तरीही या मुलाचे पुढचे आयुष्य पाहू लागलो की मालकी हा शब्द आम्हांला वारंवार आडवा येतो. एवढी मोठी संपत्ती, कीर्ती, आणि त्याहून अवघड म्हणजे बापाने अर्धवट ठेवलेले काम, हे सारे त्याच्या पदरात वयाच्या तेविसाव्या वर्षी पडले. त्याचे त्याने काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांना रॉक संगीताशी फारसे कर्तव्य नसेल, हे आम्ही जाणतो. परंतु ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील जुन्या घरांना कलावंताच्या मुलाची परीक्षा कशी होते हे सांगायला नको. बापाच्या पुण्यतिथीला मुलगा गायला बसतो. मागच्या रांगेतील वृद्ध मंडळी डोळे मिटून घेतात. ती त्याचे गाणे ऐकत असतात असे नाही. त्याच्या गळ्यात बापाचा कोणता अंश उतरला आणि कोणता निसटला, याचा हिशेब चाललेला असतो. असा हिशेब सभागृहातल्या तीनशे माणसांनी मांडला तरी मुलगा घामाघूम होतो. येथे तो मांडणारे लोक सगळ्या जगात पसरलेले होते.

हे धैवत आणि निषाद लंडनच्या वाटेने त्या घरात कसे पोचले, ते आधी सांगितले पाहिजे. १९६५ साली जॉर्जने बीटल्सच्या एका गाण्यात प्रथम सतार छेडली, ती जेमतेम ओळखीच्या बळावर. पुढल्या वर्षी त्याची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली आणि सप्टेंबर १९६६ मध्ये तो पत्नी पॅटीसह मुंबईत आला. ताजमहाल हॉटेलात तो खोट्या नावाने उतरला होता. पण बातमी फुटली, चाहत्यांची गर्दी जमली, आणि शेवटी शिकवणीसाठी काश्मीरला जाऊन हाउसबोटीचा आश्रय घ्यावा लागला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा मुंबईत आला, तो 'वंडरवॉल म्युझिक' या चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणासाठी. एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याच्यासमोर बसलेल्या वादकांत संतूरवर शिवकुमार शर्मा होते, सरोदवर आशिष खाँ होते. ज्यांनी त्या काळात मुंबईच्या स्टुडिओतील कामकाज पाहिले आहे त्यांना त्या दिवसांची कल्पना करता येईल.

त्यानंतर लवकरच जॉर्जने सतार बाजूला ठेवली. लहानपणापासून रियाझ केलेल्या सतारियांच्या पंक्तीत आपण बसू शकणार नाही, हे त्याला उमगले होते. तो गिटारकडे परतला, परंतु रिकाम्या हाताने नव्हे. तारेवर नळी सरकवून वाजवायची जी स्लाइड गिटार, ती त्याने १९६९ च्या अखेरीस हाती धरली आणि पुढे तीच त्याची ओळख ठरली. त्याच्या स्लाइडला सतारीच्या मींडेचे वळण आहे असे जाणकार म्हणतात. आमच्याही कानांना ते पटते. स्वरावर थेट उडी न मारता त्याच्याकडे ओढत जाण्याची ती सवय पाश्चात्त्य गिटारवादकांत विरळाच.

१ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर यांच्या सांगण्यावरून जॉर्जने बांगलादेशातील निर्वासितांसाठी जलसा केला. अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ त्यात होते. बरोबर सात वर्षांनी, त्याच तारखेला, मुलगा झाला. सातव्या वर्षी सातव्या स्वराचा मुलगा, असे म्हणायचा मोह होतो. पण योगायोगाला योगायोगच राहू द्यावे.

धनीचे बालपण हेन्ली-ऑन-टेम्स गावातील 'फ्रायर पार्क' या वाड्यात गेले. सर फ्रँक क्रिस्प नावाच्या एका हौशी वकिलाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेली ही वास्तू. शेकडो कोनाडे, भिंतींवर कोरलेली चमत्कारिक वचने आणि बागेत आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृती. जॉर्जने १९७० मध्ये ती विकत घेतली तेव्हा बाग रानाने गिळलेली होती. ती उपसून पुन्हा फुलविणे हे त्याने आयुष्याचे काम मानले. १९८० साली निघालेले त्याचे 'आय, मी, माइन' हे आत्मकथन त्याने जगातील माळ्यांना अर्पण केले आहे. धनीनेच पुढे सांगितले आहे की लहानपणी आपला बाप माळी आहे असे त्याला खरोखर वाटत असे. दिवसभर मातीत हात घालणारा माणूस आणखी कोण असणार? बाप बीटल होता हे त्याला शाळेत कळले. मुले त्याच्या पाठीमागे लागून 'यलो सबमरीन' गाऊ लागली, कारण काही त्याच्या ध्यानात येईना; घरी येऊन त्याने बापाला जाब विचारला. सांगायला हवे होते खरे, अशा अर्थाचे काहीतरी बाप ओशाळून म्हणाला.

याच मुलाने सांगितलेली आणखी एक आठवण आम्हांला फार महत्त्वाची वाटते. जॉर्ज मध्यरात्रीपर्यंत बागेत फिरत असे, आणि चांदण्यात डोळे किलकिले करून झाडांकडे पाहत असे. कारण अशा वेळी फक्त सावल्या आणि आकार दिसतात, तण आणि उणिवा दिसत नाहीत. दिवसा तण दिसले की उपटायला बसावे लागते. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०११ मध्ये जॉर्जवर जो दीर्घ माहितीपट केला त्यात धनी हे बोलतो. बोलणारा मुलगा तोवर स्वतः दहा वर्षे बापाच्या ध्वनिफितींतले तण पाहत आला होता.

गिटार त्याने बापाकडून घेतली, पण 'तालीम' म्हणावी अशी ती नव्हती. घरात एरिक क्लॅप्टन, जेफ लिन, टॉम पेटी अशी माणसे येत-जात. त्यांच्यात बसून जे उचलता येईल ते उचलायचे. ६ एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जॉर्जने कार्यक्रम केला, तेव्हा तेरा वर्षांचा धनी शेवटच्या भागात गिटार घेऊन रंगमंचावर आला. मायदेशात जॉर्जचा पूर्ण असा तो अखेरचाच कार्यक्रम ठरला. मुलाला मात्र बापाने या धंद्यात ओढले नाही. धनी अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात गेला आणि तेथे त्याने पदार्थविज्ञान व औद्योगिक आरेखन हे विषय घेतले. पदवीनंतर तो मॅक्लारेन या शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्या संस्थेत वायुगतिकीच्या कामाला लागला. मोटारींच्या शर्यतींचे वेड हेही बापाचेच. त्यामुळे येथेही तो घराबाहेर पडला असे म्हणता येत नाही. पण गिटारवादकाच्या मुलाने वाऱ्याचा रोध मोजत बसावे, यात एक मोकळेपणा होता, आणि तो फार काळ टिकला नाही.

३० डिसेंबर १९९९ च्या पहाटे फ्रायर पार्कमध्ये एक माथेफिरू शिरला आणि त्याने जॉर्जला सुऱ्याने भोसकले. ऑलिव्हियाने हाती लागेल त्या वस्तूने हल्लेखोराला झोडपून पतीचे प्राण वाचवले. एकवीस वर्षांचा धनी त्या आवारातच होता आणि रक्तात पडलेल्या बापाजवळ त्याला बसावे लागले. जॉर्ज त्यातून वाचला, पण कर्करोगाने त्याला आधीच गाठले होते. राहिलेल्या दोन वर्षांत पिता-पुत्र स्टुडिओत बरेच एकत्र बसले. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या १९७० च्या अल्बमची नवी आवृत्ती २००१ च्या जानेवारीत निघाली, तिच्यात 'माय स्वीट लॉर्ड' नव्याने केले होते; त्यात धनीची गिटार आहे. २००१ च्या ऑक्टोबरात जॉर्जने 'हॉर्स टू द वॉटर' हे गाणे जूल्स हॉलंड यांच्या वाद्यवृंदाबरोबर गायले. ते बाप-लेकांनी मिळून रचले होते. प्रकाशनहक्काच्या जागी जॉर्जने जी नवी कंपनी लिहिली तिचे नाव थडग्यावरच्या 'आर.आय.पी.' या तीन अक्षरांचे होते. विनोदबुद्धी शाबूत होती. ते त्याचे शेवटचे ध्वनिमुद्रण. २९ नोव्हेंबर २००१ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये त्याचे निधन झाले.

आता येथून धनीचे खरे कार्य सुरू होते.

जॉर्जने मागे एक अपुरा अल्बम ठेवला होता. त्यातील काही गाणी १९८० च्या दशकाच्या अखेरची, काही अगदी आजारपणातली. बहुतेकांत त्याचा आवाज, गिटार किंवा युकुलेली आणि कामचलाऊ ताल, एवढेच होते. पुढे काय करायचे याविषयी तो मुलाशी बोलला होता, काही सूचनाही होत्या. पण सूचना म्हणजे काही स्वरलिपी नव्हे. अपुऱ्या बंदिशीला दुसऱ्याने अंतरा जोडावा की नाही, हा वाद आपल्याकडेही नवा नाही. अंतरा बांधला तर तो कोणाचा? नाही बांधला तर स्थायी पडून राहते आणि पुढे विसरली जाते. धनी आणि बापाचा मित्र जेफ लिन हे दोघे तो अल्बम पुरा करायला बसले.

येथे आम्हांला बापूराव पलुसकरांची आठवण येते. पंडित विष्णु दिगंबर १९३१ मध्ये गेले तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. बापाची गायकी त्याच्यापर्यंत आली ती विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या बापाच्या शिष्यांच्या हातून. धनीचे वय मोठे होते, बापाचा सहवासही त्याला लाभला होता, तरी कामाच्या वेळी आधार बापाच्या सोबत्यांचाच घ्यावा लागला. आधाराला किंमत असते. लिन यांना थरावर थर चढवण्याची सवय. त्यांच्या हातातून गाणे बाहेर पडते ते घासूनपुसून. अशा माणसाच्या शेजारी बसून तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाने येथे थांबा, बाबांना एवढेच हवे होते, असे म्हणणे सोपे नसावे.

१८ नोव्हेंबर २००२ रोजी 'ब्रेनवॉश्ड' या नावाने ते काम बाहेर आले. आमचे मत विचाराल तर दोन-तीन जागी जिल्हई थोडी जास्त झाली आहे. परंतु मुख्य गोष्ट साधली आहे, ती म्हणजे आवाज पुढे आहे. बापाचा थकलेला, किंचित कापरा आवाज झाकला गेला नाही. त्यातील 'मारवा ब्लूज' ही शब्दांविना असलेली रचना आमच्या वाचकांनी अवश्य ऐकावी. रागाच्या नियमाने मारवा शोधू गेलात तर हाती फारसे लागणार नाही, आणि नाक मुरडायला जागा सापडेल. पण मारव्यात षड्जापासून दूर दूर राहिल्याने येणारी जी अधीरता असते, सूर्य बुडाला आणि दिवा अजून लागलेला नाही अशी जी वेळ असते, ती त्या स्लाइडच्या ओढीत आहे. २००४ साली या रचनेला शब्दविरहित संगीतासाठीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

याच अल्बमचा शेवट मराठी माणसाने ऐकला तर तो दचकतो. शीर्षकगीत संपता संपता इंग्रजी शब्द मागे पडतात, बिक्रम घोष यांचा तबला उरतो, आणि पार्वतीपतीचा नामघोष सुरू होतो. तोच, जो आपल्या कीर्तनाच्या अखेरीस, पंगतीत पहिला घास घेण्यापूर्वी, आणि इतिहासात रणांगणावर उठत आला आहे. तो म्हणणारे आवाज दोन आहेत. एक जॉर्जचा, दुसरा धनीचा. घोष संपतो आणि अल्बमही तेथेच संपतो. पुढे काही जोडलेले नाही.

अल्बम निघाल्यानंतर अकराव्या दिवशी, म्हणजे पहिल्या पुण्यतिथीला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्मृतिसभा झाली. सूत्रे एरिक क्लॅप्टनकडे होती. पूर्वार्ध हिंदुस्थानी संगीताचा. रविशंकर यांनी या प्रसंगासाठी बांधलेल्या 'अर्पण' या रचनेचे संचालन अनुष्का शंकर यांनी केले. उत्तरार्धात बापाचे सारे सोबती एकामागून एक येऊन गात होते, आणि त्या सर्वांच्या मध्ये, साधी गिटार गळ्यात अडकवून, धनी उभा होता. तो पुढे आला नाही. प्रत्येक गाण्याला साथ करीत राहिला. चेहरा तर बापाचाच, तोच जबडा, तेच डोळे. त्याला पाहून ऑलिव्हिया म्हणाली होती की जणू जॉर्ज तरुणच राहिला आणि आपण सारे म्हातारे झालो. पॉल मॅकार्टनीने हे तिचे बोलणे त्या रात्री श्रोत्यांना सांगितले. श्रोते हसले. त्या साम्याचे ओझे ज्याच्या खांद्यावर होते तोही हसला असेल.

१५ मार्च २००४ रोजी न्यूयॉर्कमध्ये रॉक संगीताच्या मानमंडळात जॉर्जची स्वतंत्र कलावंत म्हणून नोंद झाली, तेव्हाचे चित्र आणखी बोलके आहे. बापाचे सर्वांत गाजलेले गिटारगीत चालू असताना प्रिन्स या अमेरिकन वादकाने अखेरीस असा काही एकल आविष्कार केला की त्याची चर्चा अद्याप थांबलेली नाही. ध्वनिचित्रफितीत त्याच्या बाजूला धनी दिसतो. बापाच्या गाण्यात दुसऱ्याने बाजी मारली आहे, आणि मुलगा मनापासून खुदखुदतो आहे. खानदानी घरांतही अशा वेळी कपाळाला आठी पडल्याचे आम्ही पाहिले आहे.

स्वतःचे संगीत त्याने काढायचे ठरवले तेव्हा मात्र तो लपला. ऑलिव्हर हेक्स या मित्राबरोबर २००६ मध्ये त्याने जो वाद्यवृंद उभा केला त्याच्या नावात हॅरिसन हा शब्द नव्हता. नाव होते 'दन्यूनंबरटू', सगळी अक्षरे एकात एक जोडून. १९६७ च्या 'द प्रिझनर' या इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेतून ते घेतले होते. तीत कैद्यांना नावे नसतात, क्रमांक असतात, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारपदावर पुनःपुन्हा नवा माणूस येऊन बसतो. पहिला क्रमांक कोणाचा, हे शेवटच्या भागापर्यंत गूढच राहते. एखाद्या थोर बापाच्या मुलाने असे नाव निवडावे, यावर भाष्य नको. २००८ चा 'यू आर हिअर' आणि २०१२ मधील दुसरा अल्बम आम्ही ऐकले. विजेच्या यंत्रांचे काळपट, गार सूर, त्यांवर पुसटसा आवाज. प्रथम ऐकताना बाप कोठेच सापडत नाही, आणि तसाच हेतू असावा. काही वेळाने आवाजाच्या एखाद्या वळणावर तो भेटतोच. कंठ बदलता येत नाही.

बापाच्या मित्रांच्या घरी जाताना त्याने आणखी एक टोपणनाव घेतले. जॉर्ज, बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन यांनी १९८८ मध्ये 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज' या नावाने गंमत म्हणून मंडळी जमवली होती आणि प्रत्येकाने विल्बरी हे आडनाव लावले होते. २००७ मध्ये त्या ध्वनिमुद्रिका पुन्हा निघाल्या, तेव्हा पडून राहिलेली दोन गाणी लिन आणि धनीने पूर्ण केली. त्यावर धनीचे नाव आहे आयर्टन विल्बरी. शर्यतींच्या जगातील आयर्टन सेना हा मॅक्लारेनचा महान चालक. सोडलेल्या नोकरीची आठवण अशी शिल्लक राहिली. २०१० मध्ये बेन हार्पर आणि जोसेफ आर्थर यांच्यासह त्याने 'फिस्टफुल ऑफ मर्सी' हे त्रिकूट केले. तेथे ढोलकांवर जिम केल्टनर होते, म्हणजे १९७१ च्या बांगलादेश जलशातले आणि 'ब्रेनवॉश्ड'मधलेही. चित्रपटसंगीतही त्याने बरेच केले. न्यूयॉर्कमधील एका शीख मोटारशिक्षकाची गोष्ट सांगणारा 'लर्निंग टू ड्राइव्ह' हा २०१४ चा चित्रपट त्यांपैकी एक. स्वतःच्या नावाने अल्बम काढायला त्याला २०१७ साल उजाडावे लागले. 'इन पॅरलल' हा तो अल्बम आला तेव्हा तो एकोणचाळीस वर्षांचा होता. बीटल्समधून बाहेर पडून 'ऑल थिंग्ज मस्ट पास' काढला तेव्हा बाप सत्तावीस वर्षांचा होता. दुसरा अल्बम 'इनरस्टँडिंग' २०२३ मध्ये आला.

ही कारकीर्द थोर आहे असे आम्ही म्हणत नाही. लेननच्या थोरल्या मुलाने विशीतच पहिला अल्बम गाजवला आणि पुढे सतत तुलनेचा मार खाल्ला. रिंगोच्या मुलाने ढोल घेतले आणि 'द हू' या दुसऱ्याच वाद्यवृंदात जवळजवळ तीन दशके काढली. यांच्या तुलनेत धनीची स्वतःची गाणी कमी लोकांच्या कानांवर आहेत. त्याच्या वेळेचा मोठा हिस्सा कोठे गेला हे पाहिले म्हणजे त्याचे कारण समजते. रविशंकर यांच्या नव्वदीनिमित्त २०१० मध्ये त्यांचे आणि जॉर्जचे एकत्रित काम 'कोलॅबरेशन्स' या पेटीत संकलित होऊन आले. १९९७ चे 'चँट्स ऑफ इंडिया' त्यात आहे. त्यातील काही भाग मद्रासला आणि काही फ्रायर पार्कमध्येच मुद्रित झाला होता. जॉर्जची 'डार्क हॉर्स' ही ध्वनिमुद्रण कंपनी जवळजवळ निजली होती. ती २०२० मध्ये धनीने पुन्हा उभी केली आणि तिच्यात 'हरिसाँग्ज' ही भारतीय संगीताची शाखा काढली. हरी आणि हॅरिसन यांची ही जोडाक्षरी गंमत जॉर्जला आवडली असती.

सर्वांत जोखमीचे काम मात्र 'ऑल थिंग्ज मस्ट पास'चे. हा तीन तबकड्यांचा अल्बम म्हणजे जॉर्जची कीर्तिध्वजा. तो केला फिल स्पेक्टर यांच्या साहाय्याने, आणि स्पेक्टर यांची ख्याती होती ती डझनभर वाद्ये एकाच वेळी वाजवून, त्यांना देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा देण्याची. त्या घुमाऱ्यात गाणे भव्य होते, पण गायक मागे जातो. २००१ च्या आवृत्तीच्या वेळी जॉर्जनेच कबूल केले होते की ही गाणी त्या डामडौलातून सोडवावीत असे त्याला वाटते. तरी त्याने ती तशीच ठेवली. मग मुलाने ती सोडवावीत काय? एका बाजूला बापाची बोलून दाखवलेली इच्छा, दुसऱ्या बाजूला बापाने हयातीत न केलेली कृती. यातली खरी कोणती?

धनीने मिश्रणकार म्हणून पॉल हिक्स यांना बरोबर घेतले. हे गृहस्थही 'हॉलीज' या वाद्यवृंदातील गिटारवादक टोनी हिक्स यांचे चिरंजीव, आणि चित्रपटसंगीतातले धनीचे सहकारी. दोन गिटारवादकांचे दोन मुलगे मूळच्या फिती काढून एकेक वाद्य पारखत बसले. ६ ऑगस्ट २०२१ रोजी नवे मिश्रण प्रसिद्ध झाले. घुमारा पूर्ण काढलेला नाही. कमी केला आहे, आणि जॉर्ज दोन पावले पुढे आला आहे. जुन्या श्रोत्यांपैकी काहींना ते रुचले नाही. ज्या घुमाऱ्यात आपले तारुण्य गेले तो काढून घेतला, अशी त्यांची भावना, आणि ती आम्हांला समजते. पण जुनी तबकडी कोणी हिरावून घेतलेली नाही. ती कपाटात आहे. शिवाय बापाचा शब्द मुलाने प्रमाण धरला आणि बापाचा संकोचही काही अंशी राखला, यात आम्हांला तरी खोट दिसत नाही. याच जोडीने १९७३ च्या 'लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड'चेही २०२४ मध्ये असेच काम केले, आणि तेथे हात अधिक मोकळा चालला आहे.

'ऑल थिंग्ज मस्ट पास'च्या त्या आवृत्तीला २०२२ साली ग्रॅमी मिळाले. ते गाण्यांना किंवा मिश्रणाला नव्हते. पेटीच्या सजावटीला होते, आणि मानकऱ्यांत ऑलिव्हिया व धनी यांची नावे होती. सर्वांत महागड्या आवृत्तीसाठी लाकडी खोका केला होता, मूळ वेष्टनावर जॉर्जच्या भोवती जे बुटके बसलेले दिसतात त्यांच्या छोट्या प्रतिकृती त्यात होत्या, आणि पुस्तकात घालायला एक लाकडी वाचनखूण. तिचे लाकूड फ्रायर पार्कमध्ये पडलेल्या एका ओक वृक्षाचे आहे.